उलटी शिंक

कुडाळच्या जनावरांच्या दवाखान्यातले पट्टीबंधक तक्रार ऐकायच्या आधी म्हणत, "आवाज काढून दाखवा." एकदा आमची कुत्री चिमी मान ताणून, घुर्रघुर्र करत श्वास आत ओढू लागली. ती गुदमरून मरणार, या भीतीने मी तिला तिथे नेलं. पोचेपर्यंत ती ठणठणीत! मग रांगेदेखत मीच घुरघुरलो. ते डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात चिमीला खरीच उबळ आली. त्यांनी तिचा गळा हलकेच चोळला.

"गिळ गो बाय."

तिने गिळलं आणि आवाज थांबला.

"उलटी शिंक ती. घाबरा नकात," म्हणत त्यांनी तिच्या गळ्याला कान लावला. मी निघायला उठलो, तरी काढला नाही.

"वीस वर्सां ऐकतंय," ते पुटपुटले, "पण ही शिंक कित्याक येता, ता माका आजून कळूक नाय."