डाव्या बाहीवरचं निळं कापड

माझा करार संपायला दोन महिने होते. तो वाढला नाही तर कामाचा पास रद्द, आणि नवऱ्यासकट सिंगापुरातला यिशुनचा फ्लॅट सोडून पुण्याला परत. त्यामुळे विभागप्रमुख तास बघायला येणार म्हटल्यावर माझा जीव टांगणीला लागला. विद्यापीठात चिनी भाषा शिकणाऱ्यांना मी चिनी संस्कृती इंग्रजीतून शिकवते. वर्गात निम्मे परदेशी, निम्मे इथलेच चिनी, ज्यांच्या घरात आता इंग्रजीच चालतं. पुण्याच्या बाईने चिन्यांना त्यांच्याच रीतीभाती शिकवायच्या, याचा मला तेव्हा भारी माज होता.

त्या दिवशी विषय होता दुखवटा. विभागप्रमुख मागे वही उघडून बसल्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या डाव्या बाहीला निळ्या कापडाचा चौकोनी तुकडा पिनने लावलेला दिसला आणि मला आयतं सावज मिळालं.

"कोण गेलं?"

"आह् मा. माझी आजी, मॅम. मागच्या आठवड्यात."

मी तिला उभं केलं. काळा तुकडा मुलांचा, निळा नातवंडांचा, असं फळ्यावर लिहिलं. मग म्हणाले, "पण बाई गेली तर उजव्या बाहीला लावतात. तुझं चुकलंय."

"माय मदर पिन वन, मॅम." म्हणजे आईनेच लावून दिला होता.

"मग पुढच्या तासाला आईलाही घेऊन ये."

वर्ग हसला. ती एका हाताने पिन काढू लागली. पिन निघेना. मी मदत केली नाही, पुढचा मुद्दा सुरू केला. खरं सांगायचं तर तोवर मी एकाही चिनी घरातलं मर्तिक पाहिलं नव्हतं. माझं सगळं ज्ञान पुस्तकी.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. डोळे लाल झाले होते. "मॅम, आह् माला अग्नी देऊन झाला. आम्ही सगळ्यांनी डावीकडेच लावलं होतं. मग तिला आमचा दुखवटा पोचलाच नसेल का?"

विभागप्रमुख शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मला 'माहीत नाही' म्हणायचं नव्हतं.

"ते परीक्षेला नाही," मी म्हणाले. विभागप्रमुख हसल्या.

करार दोन वर्षांसाठी वाढला. विद्यार्थ्यांच्या आयुष्यातली उदाहरणं फार छान वापरतात, असं अहवालात लिहिलं होतं. ते वाक्य मी नवऱ्याला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. पुढच्या तासाला ती मुलगी आली तेव्हा तिच्या दोन्ही बाह्या मोकळ्या होत्या. मी हजेरी घेतली.