कॉम्प्युटरच्या पाठीवरचा डबा

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात एक शास्त्रज्ञ राहायचा. पोटापाण्याला तो बँकेत जायचा, ते सोडा. मेहुण्याने दुबईहून आणलेला पाटीएवढा कॉम्प्युटर त्याने टीव्हीला जोडला आणि तेव्हापासून तो वापरण्याऐवजी वाढवतच राहिला. "आता फक्त मेमरी घेतली ना, की झकास," म्हणत त्याने मागच्या खाचेत मेमरीचा डबा बसवला. मग त्याच्या पाठीला जॉयस्टिकचा, त्याच्या पाठीला आवाजाचा. डबा जरा हलला की टाइप केलेलं सगळं उडायचं, म्हणून तो कॉम्प्युटरपुढे बसला की वहिनींनी खलबत्ता काढायचा नाही आणि आम्ही चवड्यांवर चालायचं. एवढ्या तपश्चर्येतून सोसायटीच्या सभासदांची यादी निघणार होती. सभासद सोळा.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तेव्हा कॉम्प्युटर पाटावर होता. त्याने डबे काढून खाचेला भक्तिभावाने ओलं हळदकुंकू लावलं, डबे पुन्हा बसवले आणि बटण दाबलं. टीव्हीचा पडदा काळा तो काळाच.

"अरे, कुंकू आत गेलं," मी म्हटलं.

"छे रे. याला मेमरी कमी पडतेय."

पुढच्या दसऱ्याला पाटावर कॉम्प्युटरच्या जागी त्याचा नुसता कॅटलॉग होता. त्याला मात्र त्याने कोरडं कुंकू वाहिलं.

"आता फक्त प्रिंटर घेतला ना," तो म्हणाला. पुढचं मला ऐकू आलं नाही. आत वहिनी चटणी कुटत होत्या.