तळ्याकडची खोली

आज दुपारी आई आमच्या घराच्या तळ्याकडच्या खोलीत पहिल्यांदाच आडवी झाली.

या गावात आधी साहेबांचे बंगले आले, मग मुंबईचे शेठ, मग मे महिन्यातली बिऱ्हाडं. गावाचा इतिहास कुणी लिहिलाच तर त्यात सगळे पाहुणेच असतील. तळ्याकडच्या पुढच्या खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्याने देत आलो आणि स्वतः वर्षभर मागे, स्वयंपाकघराशेजारी झोपलो. तळं आपलं नाही, हे लहानपणीच कळलं होतं. आता पलीकडच्या काठावर मोठी रिसॉर्ट झाली आहेत. आमच्याकडे कुणी फिरकत नाही. म्हणून मीच म्हटलं, “आई, आता तू इथेच झोपत जा. समोर पाणी दिसतं.”

ती थोडा वेळ पडून राहिली. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. एवढ्यासाठी माणसं लांबून यायची आणि ती त्यांना चहा नेऊन द्यायची. मला वाटलं, तिचा डोळा लागला. पण ती उठून बसली.

“नाही रे झोप येत. परक्या घरी आल्यासारखं वाटतं.”

“तुझंच घर आहे ना?”

“असेल,” ती म्हणाली. मग तिने चादर झटकली, चारी कोपरे ओढून खोचले, उशी थोपटली आणि दार हळूच लोटून मागे निघून गेली.