भाऊजींच्या गाडीवर मी केलेले उपचार

माझ्या कानांबद्दल माझं मत फार चांगलं होतं. नव्वदच्या दशकात मी सुरतला नवागाममध्ये राहायचो आणि एका कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करणारा मास्तर होतो. पन्नास लूम एकदम खडखडत असताना कुठला अडखळतोय ते मी नुसतं ऐकून सांगतो, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मी.

ताई आणि भाऊजी शेजारच्या गल्लीत राहत. भाऊजी हजीऱ्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे वेल्डर होते. पल्ला लांबचा, म्हणून त्यांनी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली. ती दारात आली त्याच दिवशी मी तिच्यात एक सुधारणा केली. आमच्या घरी नळाच्या तोंडाला चिंधी बांधायची पद्धत. पाणी गाळून येतं. गल्लीत हवेत सदानकदा धाग्याची तूस उडत असायची. म्हटलं, माणसांना गाळलेलं पाणी, तर इंजिनाला गाळलेली हवा का नको? कारखान्यातून पॉलिस्टरचा तुकडा आणला, चौपदरी घडी घातली, एअर फिल्टरच्या तोंडावर दोऱ्याने, लूमवर मारतात तशी गाठ मारून गच्च आवळली आणि वरून झाकण लावून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी उगाच कौतुक केलं असतं. मग मीही विसरलो.

तीनेक आठवड्यांत गाडी धापा टाकायला लागली. मूठ पिळली की पळायच्या ऐवजी घोगरायची आणि मागून भट्टीसारखा धूर. त्या आठवड्यात भाऊजी दोनदा उशिरा पोचले. ठेकेदाराने स्वच्छ सांगितलं, सोमवारी पुन्हा उशीर झाला तर गेटपास जमा कर आणि घरी बस.

रविवारी सकाळी मी पाना-पेचकस घेऊन हजर.

"गॅरेजला नेतो ना," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, गॅरेजवाला काय करणार? मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच म्हणतोय, मास्तर."

मी गाडी सुरू करायला लावली, डोळे मिटले, मान तिरकी केली. "पॉइंट," मी म्हणालो. ठिणगी देणारे पॉइंट उघडले, घासले, गॅप माझ्या मनासारखा बसवला. फरक शून्य. पुन्हा मान तिरकी. "प्लग." प्लग काजळीने काळाकुट्ट निघाला. तोही घासला. दोन मिनिटं बरी चालली, मग पुन्हा घोगरं. "पेट्रोल जास्त जातंय," मी जाहीर केलं, आणि गंमत म्हणजे हे खरंच होतं. फक्त ते का जातंय, हा क्षुल्लक प्रश्न मला पडला नाही. कार्बोरेटर उतरवला, आतली सुई खाली सरकवली, हवेचा स्क्रू मोकळा केला. किती फेरे, ते मोजायचं असतं हे मला नंतर कळलं. गाडी थोडी सुधारली. मी भाऊजींकडे असं बघितलं, की त्यांनी चहा मागवावा.

चहा घेऊन ताई आली. कार्बोरेटरसाठी मी काढलेलं एअर फिल्टरचं झाकण अजून उघडंच होतं.

"आठे चिंधी कोणी बांधी रे?" तिने आमच्या गावाकडच्या बोलीत विचारलं.

मी वाकून बघितलं. तूस आणि हजीऱ्याच्या रस्त्याची धूळ बसून माझ्या घडीची गोधडी झाली होती. दोन्ही गल्ल्यांत तशी गाठ मारणारा माणूस एकच होता, आणि त्याने माझाच शर्ट घातला होता.

"हवा गाळायले," मी म्हणालो.

ताईने चहाचा कप मला न देता परत नेला.

चिंधी काढली. मला वाटलं, संपलं. गाडी सुरू केली तर ती आता घोगरेना, किंचाळायला लागली. फट् फट् करत मध्येच दम सोडायची. गुदमरलेल्या इंजिनाला मानवेल अशी सगळी मापं मी बसवली होती. आता इंजिन मोकळा श्वास घेत होतं आणि मापं मात्र आजाऱ्याची. धडधाकट होतं तेवढं सगळं मी बिघडवून ठेवलं होतं.

शेवटी आम्ही दोघं गाडी ढकलत हमरस्त्यावरच्या म्हाताऱ्या गुजराती मिस्त्रीकडे गेलो. तो कुलूप लावत होता. त्याने कान वगैरे काही लावला नाही. प्लग काढून उजेडात धरला. चुन्यासारखा पांढरा.

"आ कया दाक्तरे ऑपरेशन कर्युं?"

मी रस्त्यावरच्या रिक्षा मोजू लागलो.

"होता एक," भाऊजी म्हणाले. "बायकोकडचा आहे, काही बोलता येत नाही."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, पुन्हा कुलूप उघडलं आणि कामाला बसला. मी "पाना देऊ का?" विचारलं, तर दोघंही एकदम "नाही" म्हणाले. तासाभरात त्याने सुई जागेवर आणली, स्क्रू बसवला, टायमिंग लावलं आणि एका किकमध्ये गाडी सुरू केली. आवाज इतका साधा होता, की त्यावर मला काही मत देता येईना.

सोमवारी सकाळी उठलो तो तसाच ताईच्या दारात गेलो. निघायच्या आधी एकदा आवाज ऐकून बघावा, एवढंच मनात होतं. दारात गाडी नव्हती. भाऊजी तासभर आधीच निघाले होते. हजीऱ्याचं गेटसुद्धा उघडलं नसेल एवढ्या लवकर.

"इतके लवकर का गेले?" मी विचारलं.

ताई नळावर हंडा भरत होती. वर न बघता म्हणाली, "तू उठाना आगोदर निंघनं व्हतं त्यास्ले."