दोन घड्याळांचे साहेब

आमचे साहेब दोन्ही हातांत घड्याळ घालत. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या की दोन्ही मनगटं जवळ आणून आधी घड्याळं जुळवत, मगच आत पाय ठेवत. मी तिथे झाडायची, पाणी भरायची. एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, दोघं वेगळं सांगून राहिले तर दोघंही खोटे समजायचे." मला वाटलं, माणसाला ऊन लागलं आहे.

तेव्हा नागपुरात कॉम्प्युटर मोजकेच. लकडगंजातल्या आमच्या ऑफिसात परीक्षांचे निकाल छापत. यंत्राला थंड हवा लागायची, त्यामुळे भर मे महिन्यात मी शाल पांघरून झाडायची. सगळे मार्क कॉम्प्युटरच्या दोन मोठ्या चकत्यांवर सारखेच भरलेले असत. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. शिवाय रोज संध्याकाळी साहेब सगळं एका टेपवर उतरवत आणि तिचा गोल डबा सायकलला लावून सक्करदऱ्याला घरी नेत. "ऑफिस जळलं तर?" म्हणत. बायको विचारायची, "अन् घर जळलं तर?" "तर मग ऑफिस आहे नं!"

त्या वर्षी माझ्या मंदाने टायपिंगची परीक्षा दिली होती. पास झाली तर एका मिलच्या कचेरीत नोकरी ठरलेली. निकाल छापायच्या दिवशी, तपासनिसांनी सुधारलेले मार्क भरता भरता विजेची लाईन गेली. परत आली तेव्हा दोन चकत्यांचं एकमेकींशी जुळेना. एकीवर मंदा पास, दुसरीवर नापास.

त्या थंडीत मॅनेजरला घाम फुटला. "कोणतीही एक छापा हो, अन् मोकळे व्हा."

मी म्हटलं, "पास असलेली छापा नं, साहेब. कोणाले समजते?"

"मले समजते नं, बाई."

ते सायकल काढून आदल्या दिवशीची टेप आणायला घरी गेले. येऊन डबा उघडला, तर आत कुरडया. बायकोने वाळवणाला तसलाच डबा घेतला होता. मॅनेजरने एक तोडून तोंडात टाकली. "ह्याच्यावर कोणाचे मार्क आहेत?" साहेब पुन्हा उन्हात निघाले.

खरी टेप आली तसे मॅनेजर म्हणाले, "एकच चकती भरा, घाई आहे." साहेबांनी ऐकलं नाही. दोन्ही पुसल्या, दोन्ही त्याच टेपवरून भरल्या, सुधारलेले मार्क पहिल्यापासून पुन्हा घातले. दोन्हींवरचा निकाल छापून शेजारी शेजारी ठेवला.

दोन्हींवर मंदा नापास.

मी आठवडाभर त्यांच्या माठात पाणी भरलं नाही. ते स्वतः भरून प्यायचे. मग एक दिवस म्हणाले, "मंदाले पाठवा. ऑफिसच्या टायपिंगच्या मशीनवर हात बसवू." प्रत्येक पान तिच्याकडून दोनदा टाइप करून घेत आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाला धरत. एक अक्षर सरकलं की दोन्ही फाडत. मंदा रडायची. मी म्हणायची, "रड, पण टाइप कर." पुढच्या खेपेला पास झाली. मिलची नोकरी तोवर गेली होती, दुसरी लागली. पण तेव्हा पासवाली चकती छापली असती तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

रिटायर झाले तेव्हा त्यांनी एक घड्याळ मंदाला दिलं. मी विचारलं, "आता जुळवणार कशाशी?" म्हणाले, "येत जाईन नं." येतही होते. चहा प्यायच्या आधी मनगट पुढे करायचे. मग वारले.

घड्याळ आता मागे पडतं. मंदा म्हणते, रेडिओ ऐकून लाव. घरात रेडिओ एकच आहे. त्याचं काय खरं!