आईचं ‘ना’ आणि जपानी ‘ने’

किया ओरा, म्हणजे माओरीत नमस्कार, मंडळी! जपानच्या सहलीवर आहोत, क्योटोहून लिहितेय. चालून चालून पायांचे तुकडे पडलेत, पण हे आत्ताच सांगायचंय.

माझी आई पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला आलीय. इंग्रजीच्या धास्तीने तिथे ती घराबाहेर कुणाशी बोलतच नाही.

आज आम्ही कालव्याकाठी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघत बाकावर बसलो होतो. शेजारच्या जपानी आजींना आई बिनधास्त मराठीत म्हणाली, "काय सुंदर फुललंय ना!"

आजी फुलांकडे बघत जपानीत काहीतरी बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ने!"

"अगं, ह्यापण शेवटी ‘ना’ लावतात!" आई जाम खूश. मग ही मराठीत, त्या जपानीत, मस्त गप्पा रंगल्या.

माझी लेक इरा नेहमीप्रमाणे अर्ध्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "आजी, माओरीमध्येही सेम! स्कूलमध्ये वी से ‘ने’!"

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तिकडेही चालतं? मग आता तिकडच्या आपल्या शेजारच्या बाईंशी मीच बोलणार. तू मध्ये भाषांतर करायला येऊ नकोस."

तुमच्याकडेही कुणाचे आई-बाबा असे गप्प बसून असतील, तर त्यांना आमच्या आईकडे चहाला पाठवाल ना?