सुट्टी कुणी मागितली होती?

सुलभाताई गेली ते मला बागेत कळलं. दादरच्या त्या बागेत आम्ही मुलं सांभाळणाऱ्या बायका रोज संध्याकाळी जमतो. दोन दिवस ती आली नाही, म्हणून मी तिच्या भाचीला फोन केला. झोपेतच गेली म्हणाली. समोर घसरगुंडीवर आमची मुलं ओरडत होती आणि आम्हाला धड रडताही येईना... कामावर होतो ना आम्ही.

तेराव्याला लालबागच्या चाळीत तिच्या मॅडम मोठा हार घेऊन आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "सुलभा आमच्या घरचीच होती." मी कोपऱ्यात पत्रावळी पुसत होते. चारचौघांत मला बोलता येत नाही. पण ते वाक्य तेव्हापासून छातीत जळतंय, म्हणून आज वही घेऊन बसले.

घरची होती? मागे एकदा मॅडमच्या घरचे आठ दिवस महाबळेश्वरला गेले तेव्हा "तुझंही फिरणं होईल" म्हणत तिला सोबत नेलं. इथे तिचं काम नऊ ते सहा. तिथे पहाटेच्या दुधापासून बाळ झोपेपर्यंत तीच, आणि रात्री ते उठलं तरी तीच. वर जास्तीचा एक रुपया नाही. जेवणखाण आमच्याकडेच होतं ना, म्हणाले! आम्ही विचारलं, "काय काय बघितलंस गो?" तर म्हणते, "बाथरूम बघितलं. एवढं मोठं! पोराला दहादा तिथेच धुतलं." आम्ही हसून लोटपोट झालो. ती मात्र हसली नाही.

पुढच्या मे महिन्यात ते वीस दिवस परदेशी गेले. या वेळी तिला नेलं नाही. निघताना मॅडम म्हणाल्या, "तुला वीस दिवस सुट्टी. पगार त्याप्रमाणे धरू."

"सुट्टी मी मागितली होती का, मॅडम?" तिने विचारलं. त्या बॅगा भरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला सुलभाताई बिल्डिंगच्या गेटवर. तिथल्या वहीत कामाला येणाऱ्या बायकांची नावं आणि वेळ लिहितात. "घर तो बंद है, मौसी," वॉचमन म्हणाला. "तेरे को क्या? टाइम लिख!" वीस दिवस ती खालच्या बाकावर बसली. लसूण सोलायची, साड्यांना फॉल लावायची, सहाला वहीत वेळ लिहायला लावून घरी जायची. कुणी विचारलं तर शांतपणे सांगायची, "मी कामावर आहे. घर गावाला गेलंय."

मॅडम परतल्या तोवर अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक झालं होतं. पगार पूर्ण दिला, पण वर ऐकवलंच, "आम्ही तुला घरची समजत होतो." म्हणजे घरची कोण, तर जी मुकाट्याने उपाशी राहते ती?

माझ्याही मॅडमनी त्याच महिन्यात फिरायला जाताना पगार कापायचं म्हटलं होतं. मी "हो मॅडम" म्हणून मान हलवली आणि मुलीच्या फीसाठी उसने मागत फिरले. सुलभाताई कडाडली, "तोंड शिवलंय काय गो तुझं? हौस त्यांची आणि उपास तुझा?" तरी मी सुधारले नाही...

यंदा दिवाळीत माझ्या मॅडम बारा दिवस केरळला जाणार आहेत. परवा त्यांनी तेच सुरू केलं. पगार त्याप्रमाणे धरू.

सुलभाताईची एक सवय होती. पगाराचं बोलायचं असलं की ती आधी मूल खाली ठेवायची. म्हणायची, "पोर कडेवर असलं की जीभ वळत नाही. त्यांना ते बरोबर ठाऊक असतं."

मी बाळाला खाली ठेवलं. म्हटलं, "मी यायला तयार आहे, मॅडम. जाताय तुम्ही. माझा पगार कापू नका."

बाळ हात वर करून माझ्या साडीला झोंबत होतं. उत्तर येईपर्यंत मी त्याला उचललं नाही.